सुई, कंबर आणि 'होलिस्टिक'

'होलिस्टिक' या शब्दाची हल्ली मला धास्तीच वाटते. साबणापासून सॅलडपर्यंत सगळं होलिस्टिक! ऑफिसातल्या 'वेलनेस वीक'मध्ये अ‍ॅक्युपंक्चरचा स्टॉल लागला आणि आमच्या टीममध्ये लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते, "हजारो वर्षांचं ज्ञान आहे, काहीतरी तथ्य असणारच." दुसरी म्हणते, "सगळी थापेबाजी." माझ्या मते दोन्ही पार्ट्या आळशी आहेत. आकडे उपलब्ध असताना ते कुणी बघायचेच नाहीत का?

आधी थोडा इतिहास, कारण त्यात आपल्या ओळखीचा एक धागा आहे. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं. त्यातले सोलापूरचे डॉ. कोटणीस शांतारामबापूंच्या सिनेमामुळे आपल्याला ठाऊक असतात. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू मात्र फारसे कुणाला माहीत नसतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन कोलकात्यात ते सुरू केलं. म्हणजे ज्याला आपण 'पर्यायी' म्हणतो ते भारतात रुजवलं आधुनिक वैद्यक शिकलेल्या डॉक्टरने. गंमत आहे ना?

आता आकडे. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २००७ साली प्रसिद्ध झाले. तीन गट केले होते. पहिल्याला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया. दुसऱ्याला मुद्दाम भलत्याच जागी आणि वरवर टोचलेल्या सुया. तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी ठरलेल्या निकषावर सुधारणा दिसली ती अशी: पहिला गट ४७.६ टक्के, दुसरा ४४.२ टक्के, तिसरा २७.४ टक्के.

हे आकडे दोन्ही पार्ट्यांची पंचाईत करतात. सुया नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरल्या, पण त्या कुठे टोचल्या याने जवळपास काहीच फरक पडला नाही! नंतरच्या मोठ्या एकत्रित विश्लेषणांत खऱ्या सुया खोट्यांपेक्षा थोड्या पुढे दिसल्या, पण फरक लहानच. आणि तिसऱ्या गटाला आपल्याला सुया मिळालेल्या नाहीत हे माहीत होतं, त्यामुळे आशा-निराशेचा वाटाही या आकड्यांत असणार. टोचणं, अर्धा तास शांत पडून राहणं, बरं वाटेल ही अपेक्षा... यातलं कशाने किती काम केलं हे वेगळं काढणं कठीण आहे. तरी ज्याची कंबर वर्षानुवर्षं दुखतेय त्याला बरं वाटलं, ही गोष्ट काही खोटी ठरत नाही.

म्हणून माझं मत असं: अ‍ॅक्युपंक्चर जरूर करून बघा, पण 'होलिस्टिक' या शब्दाला जागून. म्हणजे उपचाराचा एक भाग म्हणून. दिवसाचे अकरा तास वाकड्या खुर्चीत बसायचं, रात्री दोनला झोपायचं आणि शनिवारी सुया टोचून घ्यायच्या, याला होलिस्टिक म्हणत नाहीत. चालणं, व्यायाम, झोप, आणि मॅनेजरला कधीतरी 'नाही' म्हणणं, हे सगळं त्यात यायला हवं.

दुसरं, थांबायचं कधी ते आधीच ठरवा. अमेरिकेतली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा खर्च देते. ९० दिवसांत १२ सिटिंग्ज, सुधारणा असेल तर आणखी ८, आणि सुधारणा नसेल तर बंद. मला ही अट फार आवडली. प्रॉडक्शनवर काही टाकताना आपण रोलबॅकचा विचार करतोच की! मग स्वतःच्या शरीराच्या बाबतीत ४० सिटिंग्जचं पॅकेज आगाऊ पैसे भरून का घ्यायचं?

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. आधी निदान, मग सुई. पाय बधिर होतोय, लघवीवरचा ताबा जातोय, ताप आहे, वजन विनाकारण उतरतंय, तर थेट डॉक्टरकडे जा, एक दिवसही थांबू नका. कुणी बीपीच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या तर तिथून उठा. आणि सुया तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाल्या पाहिजेत, यात संकोच कसला? अ‍ॅक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. तेव्हा "तुमची नोंदणी आहे का?" हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

कंबर तुमची, पैसे तुमचे. पहिल्या सिटिंगच्या दिवशी दुखणं दहापैकी किती आहे ते लिहून ठेवा आणि बाराव्या सिटिंगनंतर तो आकडा पुन्हा बघा. आमच्या दोन्ही पार्ट्यांनी अजून एवढंही केलेलं नाही.