अकरा मासे कोणाच्या तराजूत?

होमी भाभा यांच्या ‘द लोकेशन ऑफ कल्चर’ (१९९४) या ग्रंथानंतर ‘संकरित अस्मिता’ ही संज्ञा आपल्या चर्चासत्रांत रुळली, आणि शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’चे (१९८४) वाचनही तिच्या आधारे होऊ लागले. या वाचनाला माझा आक्षेप सौंदर्यशास्त्रीय नसून नैतिक आहे.

भाभांच्या विवेचनात दोन संस्कृतींमधली जागा सर्जक ठरते. वासाहतिक सत्तेचा अधिकार तिथे डळमळतो. लिंबाळ्यांच्या निवेदकाला अशी जागा मुळात लाभतच नाही. लिंगायत पाटील बाप त्याला आपला म्हणत नाही, आणि महारवाड्यातही त्याच्या लग्नाला त्याचा जन्म आडवा येतो. तोळा बारा माशांचा; अकरा माशांचा तो हिणकस. ही शिवीच लेखकाने शीर्षक म्हणून स्वीकारली, तेव्हा त्याने तराजूवरच बोट ठेवले होते. आपण मात्र वजनाची चर्चा करीत बसलो. हे मूल संस्कृतींच्या संवादातून जन्मलेले नाही. जमीन आणि गावकी ज्याच्या हाती, त्याला दलित स्त्रीचे शरीरही उपलब्ध असते, या व्यवस्थेतून ते जन्मले. त्याला संकरतेचा उत्सव म्हणणे म्हणजे पाटलालाच उत्सवमूर्ती करणे होय.

पुण्याने तरी वेगळे काय केले? ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’पासून (१९७२) तिच्यावर बेतलेल्या २०१५ च्या चित्रपटापर्यंत सारा प्रकाश बाजीराव-मस्तानीच्या प्रेमावर. ज्याची मुंज नाकारली गेल्याचे सांगितले जाते आणि जो १७६१ मध्ये पानिपतावर पेशव्यांच्याच बाजूने लढून जखमांनी मेला, तो समशेर बहादूर त्या प्रेमाचा पुरावा म्हणून उरतो. (मस्तानी नावाचे पेय मात्र हे शहर आवडीने पिते.)

आईची अब्रू चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार मुलाला आहे काय, असा प्रश्न आत्मकथनाबाबत सोवळेपणाने विचारला जातो. प्रश्न खरा आहे. परंतु तो पाटलाच्या अब्रूबद्दल कोणी विचारीत नाही. शिवाय मसामायची कहाणी समीक्षक मुलाच्या अस्तित्वविषयक व्यथेची पार्श्वभूमी म्हणूनच वाचतात, याला लेखक जबाबदार नाही.

आणि याच पुस्तकात दुसरेही एक मिश्रण आहे. आजी संतामायसोबत राहणारा मुसलमान दस्तगीर रक्ताचे नाते नसताना त्या मुलाला सांभाळतो. धर्म, जात, रक्त यांपैकी काहीही जुळत नसलेल्या त्या घराविषयी संकरतेच्या सिद्धान्तकारांनी फारसे लिहिलेले नाही.