दत्तकाची घाई नेमकी कुठे?

परदेशी दांपत्याला भारतातले मूल दत्तक घ्यायचे तर वाट लांबची. बालकल्याण समितीने मूल दत्तकासाठी कायद्याने मुक्त ठरवायचे, त्यानंतर ६० दिवसांत भारतीय वा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत तरच ते परदेशासाठी खुले व्हायचे, मग केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची (‘कारा’) ना-हरकत आणि शेवटी आदेश. हा आदेश देण्याचा अधिकार २०२१च्या दुरुस्तीने न्यायालयांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. कारण दिले विलंबाचे. विलंब खराच आहे. संस्थेत वाढणाऱ्या मुलाचे एकेक वर्ष वाया जाते, हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही.

पण घाईची किंमत दक्षिण कोरियाकडे पाहून कळते. परदेशी दत्तक पाठवताना आईबाप हयात असलेल्या मुलांची नोंद ‘अनाथ’ अशी झाली, कधी एकाच्या कागदांवर दुसरेच मूल धाडले गेले, असे तिथल्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये नोंदवले. ही मुले आता प्रौढ झाली, आणि खोट्या कागदांवरून आपली आई शोधताहेत. आपल्याकडे मूल सोपवणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्यातला एक दिवसही कापू नये. वेळ वाचवायचा तर बालकल्याण समित्यांवरील रिक्त पदे भरून आणि टेबलाटेबलांवरचा फायलींचा मुक्काम कमी करून वाचवावा. टंचाईपासून निवडणुकीपर्यंत सारे काही पाहणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांना दत्तकाच्या फायलींसाठी बालहक्कांची जाण असलेला स्वतंत्र अधिकारी तरी सरकारने द्यावा.