कानाचे माप आणि खिशाचे माप

धान्याच्या व्यापारात पोत्यावरील छाप पाहून कोणी सौदा करीत नाही. पोत्यात सळई घालून वानगी काढावयाची, दाणा तळहातावर पसरून पाहावयाचा, दाताखाली फोडून त्यातील ओल अजमावावयाची, वजनातून बारदान वजा करावयाचे आणि मगच भावाची गोष्ट काढावयाची, हा दंडक वाडवडिलांनी घालून दिला व आपण तो पाळीत आलो. परंतु हाच चोखंदळ व्यापारी घरच्यांसाठी बिनतारी हेडफोन घेऊ लागला म्हणजे डब्यावरील चित्र आणि सवलतीचा आकडा एवढ्यावर समाधान मानतो, आणि पुष्कळदा पंधरा दिवसांत ती वस्तू कपाटात जाऊन पडते. वस्तू हजार-दोन हजारांची आहे म्हणून तिचा विचार करू नये, हे आम्हांस मान्य नाही. ती कानाशी जडावयाची आहे, आणि कान पुन्हा विकत मिळत नाही.

आज ही वस्तू आपल्या घराघरांत शिरली आहे. वडीलधारी मंडळी चातुर्मासातील प्रवचने मोबाईलवर ऐकतात, मुले तिच्याच साहाय्याने अभ्यासाचे पाठ घेतात, पेढीवरील तरुण मंडळी दिवसभर तिच्यावरून भाव विचारतात व कळवितात. आपल्या शास्त्रकारांनी जीवांची गणना इंद्रियांवरून केली. तीत श्रोत्रेंद्रिय अगदी शेवटी येते. चतुरिंद्रिय जीवालाही ते लाभत नाही, पंचेंद्रियालाच लाभते. कानाच्या आतील ज्या सूक्ष्म केसाळ पेशी ध्वनी ग्रहण करतात, त्या एकदा नष्ट झाल्या म्हणजे मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत. असुरक्षित ऐकण्याच्या सवयींमुळे जगातील १०० कोटींहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीस धोका आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा हा प्रश्न केवळ चैनीचा राहिलेला नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे, की बसण्यातील सोय, आवाजाची गोडी आणि कानाची सुरक्षितता ही तिन्ही एकाच गोष्टीवर पुष्कळ अंशी अवलंबून आहेत, आणि ती गोष्ट म्हणजे माप. कानात बसणाऱ्या बोंडाने कानाची वाट नीट बंद केली नाही, तर खर्जाचे स्वर त्या फटीतून निसटून जातात व बाहेरचा गोंगाट आत शिरतो. ऐकणाऱ्यास वाटते, यंत्रच हलक्या प्रतीचे आहे. मग तो आवाज वाढवितो आणि कानावर भार टाकतो. तेच यंत्र योग्य मापाच्या बोंडासह बसविले, तर आवाज भरदार लागतो व कमी आवाजातही भागते. म्हणूनच डब्यात लहान, मध्यम व मोठी अशी रबरी बोंडे दिलेली असतात. ती तिन्ही लावून पाहावीत. दोन्ही कानांचे माप एकच असते असेही नाही.

आता प्रकारांविषयी. संपूर्ण कान झाकणारा, डोक्यावर पट्टी असलेला हेडफोन दीर्घकाळ एका जागी बसून ऐकणाऱ्यास बरा. कानाच्या छिद्रावर त्याचा दाब पडत नाही. परंतु उन्हाळ्यात त्याच्या गाद्यांखाली घाम येतो, आणि चष्मा वापरणाऱ्यांच्या कानशिलाशी काडीमुळे फट राहते. कान न झाकता नुसता कानावर टेकणारा प्रकार हलका खरा, पण त्याचा दाब पाळीवर पडतो व तासाभराने ती दुखू लागते. कानात बसणारे सुटे इअरबड खिशात मावतात. मात्र एक हरवला की जोडी मोडते. पेढीवर वावरणाऱ्या माणसास मानेभोवतीची पट्टी असलेला नेकबँड आम्ही अधिक पसंत करतो. तो कानातून निसटला तरी गळ्यातच राहतो, आणि पट्टीत जागा अधिक असल्याने त्याची बॅटरीही मोठी बसविता येते.

गाद्यांच्या बाबतीत आपल्या समाजाने एक गोष्ट अवश्य विचारावी. काही महाग हेडफोनांच्या गाद्या मेंढीच्या खऱ्या कातड्याच्या असतात, आणि ती गोष्ट गुण म्हणून जाहिरातीत छापलेली असते. ‘प्रोटीन लेदर’ या नावाने जे कृत्रिम चामडे मिळते, त्यातही प्राणिज प्रथिनाची भुकटी मिसळलेली असू शकते. ज्यांस हे वर्ज्य आहे त्यांनी कापडी गादीचा माल मागावा. तो आपल्या हवेत थंडही राहतो, आणि कृत्रिम चामड्याप्रमाणे दमट हवेत त्याचे पापुद्रे सुटत नाहीत.

आवाजाची परीक्षा कशी करावी? आपल्या पूर्ण परिचयाचे एक ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे. प्रथम नुसते बोलणे ऐकावे, कारण मनुष्याचा आवाज कसा असतो हे प्रत्येकास ठाऊक आहे. वक्ता पिंपातून बोलल्यासारखा वाटला किंवा ‘स’ आणि ‘श’ कानास टोचू लागले, तर पुढे जाऊ नये. मग तबल्यासह गायन ऐकावे. डग्ग्याचा घुमार गायकाचे शब्द गिळीत नाही ना, हे पाहावे. अलीकडे स्वस्त मालात खर्ज मुद्दाम फुगविलेला असतो. तो पहिल्या मिनिटास मोहवितो आणि अर्ध्या तासाने डोके जड करतो. म्हणून परीक्षा वीस-पंचवीस मिनिटांची तरी असावी, व तेवढ्यात मान वळवून, खाली वाकूनही पाहावे.

डब्यावरील आकडे वाचताना बारदान वजा करण्याची आपली सवय उपयोगी पडेल. इअरबडांच्या डब्यावर ‘४० तास’ असे ठळक लिहिलेले असते, त्यात डबीने पुनःपुन्हा भरून दिलेली वीजही धरलेली असते. एका भरण्यात कानातील यंत्र किती वेळ चालते, तो निव्वळ आकडा निराळा विचारावा. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ ही मानवी श्रवणाची सर्वसाधारण मर्यादा आहे. ती बहुतेक सर्वच डब्यांवर छापलेली असल्याने तिच्यावरून प्रत कळत नाही. पडद्याचा व्यास जास्त म्हणजे आवाज सरस असेही नाही. मोठा दाणा नेहमी चवदार असतो काय? ‘ईएनसी’ या अक्षरांचा अर्थ आपण बोलताना पलीकडच्यास गोंगाट कमी ऐकू जातो एवढाच. आपल्या कानांतील गोंगाट कमी करणारी सोय ती ‘एएनसी’. हीदेखील पंखा, इंजिन, आगगाडी अशा एकसुरी घरघरीवर चांगली चालते, माणसांच्या बोलण्यावर तितकी नाही. ‘एलडॅक’ हा सोनी कंपनीचा ध्वनिसंकेत आयफोनमध्ये चालत नाही, तेव्हा आयफोनधारकाने त्यापोटी जादा दाम मोजणे व्यर्थ होय. याउलट भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व त्याखालील ‘आर’ अक्षराने आरंभ होणारा नोंदणी क्रमांक मात्र अवश्य पाहावा.

वस्तू चांगली मिळाली तरी वापरात संयम हवा. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली जे मानक प्रसिद्ध केले, त्यात प्रौढांसाठी आठवड्यास ८० डेसिबल इतका आवाज ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. दर तीन डेसिबलांस ध्वनीची शक्ती दुप्पट होते, म्हणून ८३ वर २० तास व ८६ वर १० तासच हिशेबात बसतात. मोबाईलवरील आवाज पूर्ण मर्यादेच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावा, हा सोपा नियम मुलांस शिकवावा. रस्त्यावर चालताना वा वाहन हाकताना हेडफोन लावूच नये. घरातील वृद्धांस कमी ऐकू येत असेल, तर हेडफोनचा आवाज चढवून देणे हा उपाय नव्हे. कानाच्या डॉक्टरांकडे त्यांस नेले पाहिजे.

आता खिशाचे माप. गरज किती, हे आधी ठरवावे आणि मग दुकानाची पायरी चढावी; परिग्रहाचे परिमाण ठरविण्यास शिकविणाऱ्या धर्माच्या अनुयायांस हे निराळे सांगावयास नको. ज्यास एका खुर्चीत बसूनच ऐकावयाचे आहे, त्याने तारेचा हेडफोन घ्यावा असे आम्ही स्पष्ट सांगतो. तेवढ्याच दामात आवाज सरस मिळतो, बॅटरीची कटकट नाही. बिनतारी इअरबडची चिमुकली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि बहुतेक मालात ती बदलता येत नसल्याने सारी वस्तू कचऱ्यात जाते. युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख अशा उपकरणांच्या बॅटऱ्या ग्राहकास काढता येण्याजोग्या करण्यासाठी ठरविली गेली. आपल्याकडेही ग्राहकांनी हीच मागणी धरावी. दरवर्षी एक स्वस्त जोडी फेकण्यापेक्षा थोडे अधिक देऊन टिकाऊ, दुरुस्त होणारी एक घ्यावी, यातच काटकसर आहे आणि विवेकही.

शेवटी जे सभासद बंधू या मालाचा व्यापार करतात त्यांस एक विनंती. घरपोच विक्री करणाऱ्या मोठ्या पेढ्यांच्या सवलतींशी आपली स्पर्धा कठीण आहे, हे आम्ही जाणतो. परंतु वानगी दाखविणे त्यांस साधत नाही. आणि कानात घातलेला माल परत घेण्यास अनेक ठिकाणी नकार मिळतो. आपण प्रत्येक प्रकाराचा एक नग उघडून ठेवावा, बोंडे दर वेळी निर्जंतुक करावीत, ग्राहकास अर्धा तास खुर्ची द्यावी, योग्य बोंड आपल्या हाताने निवडून द्यावे आणि पक्के बिल करावे. ज्याच्या कानास सुख लाभले तो ग्राहक पुढच्या वेळी शंभर रुपयांच्या सवलतीसाठी दुसरीकडे जाणार नाही. वानगी दाखवून माल विकणे ही आपली जुनी पत आहे. नव्या वस्तूंच्या बाजारातही ती तितक्याच मोलाने चालेल, अशी आमची खात्री आहे.