छापील कागदाचा आब

दिवाळी पंधरवड्यावर आली की इंदुरातील आमच्या घरी सकाळच्या वर्तमानपत्राच्या घडीतून रोज पाच-सहा रंगीत कागद गळून पडतात. ते उचलून रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवण्यास दहा सेकंदही लागत नाहीत. परंतु त्यांतील एखादे पत्रक आपल्याच मंडळींचे असते. कोणाचे फराळाचे, कोणाचे मंगल कार्यालयाचे, कोणाचे खानावळीचे. तेही इतरांच्या जोडीने रद्दीत जाते, आणि दोष मात्र आपण काळाला देतो. आमचे स्पष्ट मत असे की, दोष काळाचा नाही. पत्रकाचा आहे, आणि पर्यायाने आपला आहे.

एक अनुभव सांगतो. आमच्या परिचयातील एक भगिनी घरगुती फराळ करतात. हाताला चव अशी की एकदा खाणारा दुसरीकडे जात नाही. काही वर्षांपूर्वी त्यांनी दोन हजार पत्रके छापून घेतली. माथ्यावर गणपती व लक्ष्मी, त्याखाली पणत्या, त्याखाली तेवीस पदार्थांची यादी, कडेला फटाके आणि तळाशी पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांत दूरध्वनी क्रमांक. यादीत ‘शंकरपाले’ होते, ‘ओल्या नारलाच्या करंज्या’ होत्या. फोन आले अवघे अकरा. त्यांतीलही निम्मे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, कारण मागणी कोणत्या तारखेपर्यंत नोंदवावी हे पत्रकात कोठेच नव्हते. छापखान्याला बोल लावणे सोपे होते. पण ते प्रूफ आम्ही स्वतः तपासले होते! ‘ल’चे ‘ळ’ करून दिले, ते छापखान्यात पुन्हा बिघडले. ऱ्हस्व-दीर्घ मात्र आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहिले होते. तारीखच नाही, हे आमच्या ध्यानातही आले नाही. पस्तीस वर्षे सरकारी परिपत्रके व निविदा-सूचना काढणाऱ्या माणसाची ही गत. शुद्ध असूनही निरुपयोगी असा कागद कसा तयार करावा, हे आमच्याएवढे कोणास ठाऊक असणार?

तेव्हापासून आमचे एकच सांगणे आहे. पत्रक हे ग्राहकाच्या एका प्रश्नाचे उत्तर असावे. काय मिळेल, किती रुपयांत, कोठे आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे कळले की त्याचे काम झाले. तेवीस पदार्थ लिहून एकही लक्षात राहत नाही. ज्या तिहींसाठी तुमचे नाव आहे ते तीन मोठ्या अक्षरांत लिहा. आपल्याकडे कोरी जागा दिसली की पैसे वाया गेल्यासारखे वाटते. वास्तविक त्या कोऱ्या जागेमुळेच उरलेला मजकूर दिसतो. ‘एकमेव’, ‘सुप्रसिद्ध’, ‘विश्वसनीय’ ही विशेषणे काढून टाका. ती शेजारच्या पत्रकातही आहेत. त्याऐवजी ‘चकली भाजणीची, भाजणी घरी भाजलेली’ असे लिहिले तर जिभेला पाणी सुटेल. फिक्या रंगावर गडद अक्षरे घ्या आणि सत्तरीच्या माणसाला चष्म्याशिवाय क्रमांक वाचता येतो की नाही, हे छापण्यापूर्वी घरातच पाहा. चित्र मोबाइलवरून आलेले पुसट नको. छापताना इंचाला ३०० ठिपके लागतात. कडेपर्यंत रंग हवा असेल तर कापणीसाठी चारी बाजूंनी ३ मिलिमीटर रंग जास्त सोडावा लागतो, हेही छापखान्यास विचारून घ्यावे.

आता भाषेविषयी. आपल्या पत्रकांतील मराठी बहुधा हिंदी वा इंग्रजी मजकुराचे ओढूनताणून केलेले भाषांतर असते. त्यातून माळव्यातील बहुतेक छापखान्यांत मराठी वळणाचा ‘ल’ व ‘श’ मिळत नाही, ‘ळ’ गळतो आणि ‘पुऱ्या’ शब्दातील ऱ्य मोडतो. मोबाइलवरून पाठविलेला मजकूर छापखान्याच्या जुन्या फाँटात बदलताना ही मोडतोड होते. आज अनेक नव्या फाँटांत मराठी वळणे उपलब्ध आहेत. आग्रह धरणारा ग्राहक तेवढा नाही. हिंदी बाजूही अवश्य छापा, गिऱ्हाईक सर्वांचे आहे. पण मराठी छापायची तर ती मराठीतच सुचलेली असू द्या.

‘आमचा माल चांगला, आम्हाला जाहिरात कशाला?’ असे मानणाऱ्या जुन्या घरांना बेळगावची आठवण द्यावीशी वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये तेथे सायकलचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. माल चांगला होता, तरी तो समजावून सांगावा लागला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये चित्रकला शिकलेल्या शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची माहिती देण्यासाठी निघालेला तो कागद पुढे मराठीतील एक अग्रगण्य मासिक झाला. व्यापाराचा छापील कागद वाचकाला मान देऊन लिहिला तर तो कोठवर जाऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हास माहीत नाही.

‘आता सारे मोबाइलवर, कागद कोण वाचतो?’ हा दुसरा आक्षेप. मोबाइलवरील संदेश शंभर संदेशांखाली संध्याकाळपर्यंत गाडला जातो. कामाचा कागद मात्र स्वयंपाकघरातील फडताळाच्या दारावर वर्षभर चिकटून राहतो. १९७३ पासून ‘कालनिर्णय’ घरोघरी खिळ्याला टांगलेले आहे ते उपयोगाचे आहे म्हणूनच. आपल्या पत्रकाच्या पाठीवर चतुर्थी-एकादश्यांच्या तारखा छापून पाहाव्यात. ते रद्दीत जाणार नाही.

एक इशाराही देणे आमचे कर्तव्य आहे. तारांकन करून तळाशी बारीक अक्षरांत ‘अटी लागू’ छापण्याची खोड आपल्याही मंडळींना लागली आहे. केंद्र शासनाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, असा खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत व त्याच अक्षरवळणात असला पाहिजे. कायदा बाजूला ठेवला तरी, पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याशी आपण सोयरिकी केल्या त्यांना बारीक अक्षरांत फसविणे आपणास शोभत नाही.

त्या भगिनींनी पुढल्या वर्षी निम्म्या आकाराचे, एका रंगाचे पत्रक काढले. तीन पदार्थ, भाव, पत्ता, मोठा क्रमांक आणि मागणीची शेवटची तारीख. खर्च निम्म्याहून कमी आला आणि शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधीच त्यांना मागणी घेणे थांबवावे लागले. त्या पत्रकाचेही प्रूफ आम्हीच तपासले. या खेपेस प्रथम तारीख पाहिली, मग ‘ळ’ पाहिला.