‘ढोसून आलाय’ म्हणण्याआधी

पावसाळ्यात आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागातल्या ओपीडीत एक दृश्य हमखास दिसतं. मळकं धोतर, अनवाणी पाय, लाल डोळे, अडखळती चाल, तोंडातून धड शब्द नाही. रांगेतलं कुणीतरी म्हणतं, “ढोसून आलाय.” सांगायला लाज वाटते, पण हे वाक्य कधीकधी आमच्या टेबलामागूनही येतं.

शिकाऊ डॉक्टर असताना मीही ते म्हटलं आहे. रात्री आणलेल्या एका माणसाला ‘उतरली की बघू’ म्हणून बाकावर निजवून ठेवलं. पहाटे त्याला झटका आला, तेव्हा कुठे रक्त तपासलं. फाल्सिपेरम मलेरिया मेंदूपर्यंत गेला होता. तो वाचला, त्यात माझं कर्तृत्व शून्य. त्याची बायको रात्रभर काहीतरी सांगत होती. माडियात. मी दुभाषा शोधला नाही.

इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस असाच झोकांड्या देत आला, तर आपण विचारतो, “साहेब, बीपी वाढलं का?” गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी आदिवासी दिसला की आपल्याला मोहाचीच आठवते!

रक्तातली साखर उतरणं, मेंदूचा मलेरिया, पक्षाघात, डोक्याला मार, हे सगळं दारूसारखंच दिसतं. आणि तोंडाला वास आला म्हणून आजार नाही असं होत नाही. उपाशीपोटी प्यायल्याने साखर आणखी उतरू शकते. बोटातून दोन थेंब रक्त लागतं. साखर मिनिटाभरात कळते, मलेरियाचं किट पंधरा-वीस मिनिटांत सांगतं.

“पण तो बोलतच नाही!” अहो, तोही आपल्याला पारखत असतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. दवाखान्याची भीती का वाटते, असं त्यांनी गोंड लोकांना विचारलं. एक कारण निघालं डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे: पांढऱ्यात तर मेलेल्याला गुंडाळतात. मग शोधग्रामचा दवाखाना आदिवासी गावासारखा बांधला गेला, त्याला दंतेश्वरी मातेचं नाव मिळालं. आम्ही बाकीचे मात्र कडक एप्रन घालून विचारतो, हा गप्प का?

तुमच्यासोबत असा रुग्ण असेल तर ताप कधीपासून आहे, शेवटचं कधी जेवला, कुठे पडला का, हे आधी सांगा. साखर आणि मलेरियाची तपासणी नाव घेऊन मागा. डॉक्टर वैतागले तरी मागा.