संगणक उठत नाही? थांबा, घाई नको!



संगणकाचं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला, पण नेहमीचं चित्र काही येईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोन-चार ओळी येऊन सगळं ठप्प! अशा वेळी घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "गेलं सगळं! आता फॉरमॅट मारावं लागणार."

फॉरमॅट मारणं म्हणजे पाटी पुसून कोरी करणं. पण त्या पाटीवर काय काय असतं, आठवा बरं! बाबांच्या दुकानाचे हिशेब, ताईचा प्रकल्प, आणि आजोबांचे ते फोटो, जे आता पुन्हा कधीच काढता येणार नाहीत. म्हणून आज एकच गोष्ट पक्की करू या. संगणक सुरू न होणं वेगळं आणि आतलं सगळं जाणं वेगळं.

कसं ते पाहा. सकाळी शाळा कशी सुरू होते? शिपाईमामा कुलूप उघडतात, वर्ग पाहून येतात. मग घंटा होते. मग गुरुजी वर्गावर येतात आणि तास सुरू होतो. संगणकाचंही तसंच असतं. आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला 'बायॉस' जागा होतो. नव्या संगणकांत त्याच्या जागी 'यूईएफआय' असतो. हे आपले शिपाईमामा. ते मेमरी, कीबोर्ड, डिस्क सगळं जागेवर आहे ना ते बघतात आणि डिस्कवरच्या 'बूट लोडर' नावाच्या छोट्या प्रोग्रॅमला हाक मारतात. बूट लोडर म्हणजे घंटा. ती वाजली की विंडोज मेमरीत येते आणि तास सुरू! ही विंडोज ज्या ड्राइव्हवर राहते तो सिस्टिम ड्राइव्ह, म्हणजे बहुतेक घरांत 'सी'.

आता डिस्कवर काही लिहिलं जात असतानाच वीज गेली, तर ओळ अर्धवट राहते. अशी अर्धवट ओळ नेमकी विंडोजच्या कामाच्या फाइलमध्ये असली, तर पुढचं सगळं अडतं. पण घंटा बिघडली म्हणून वर्गातली दप्तरं जळतात का? नाही ना? तुमचे फोटो बहुतेक वेळा जागच्या जागी असतात.

खरं वाटत नाही? मग ही गोष्ट ऐका. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅमची एक सदोष फाइल जगभर पोहोचली आणि विंडोजचे संगणक धडाधड बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ते सुमारे ८५ लाख होते! विमानं खोळंबली. आपल्या देशातही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. मग काय, ८५ लाख डिस्का कोऱ्या केल्या? छे! 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरती विंडोज सुरू करून, ती एकच फाइल पुसायची. हा उपाय होता.

आता आपला क्रम. मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच हे करायचं, बरं का!

१. पाहा आणि ऐका. आधी जोडलेले पेन ड्राइव्ह काढा. कधी कधी संगणक विंडोज तिथेच शोधत बसतो. पडद्यावरची ओळ वहीत उतरवून घ्या. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल, तर लगेच बंद करा आणि जाणकाराकडे न्या. ते यंत्राचं दुखणं आहे. चालवत राहिलात तर वाढेल. एसएसडी असेल तर आवाज येणारच नाही, कारण तिच्यात फिरणारा भागच नसतो.

२. आधी फाइली वाचवा. दुसऱ्या संगणकावर उबुंटू लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करता येतो. त्यावरून बिघडलेला संगणक सुरू करायचा आणि 'ट्राय' हा पर्याय निवडायचा. 'इन्स्टॉल' नको! डिस्कवर काहीही न बसवता लिनक्स चालू होतं. मग आपल्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर ४८ अंकी किल्ली लागते. बहुधा ती पालकांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

३. मग दुरुस्ती. विंडोज लागोपाठ दोन-तीन वेळा सुरू होऊ शकली नाही, की बहुधा दुरुस्तीचा पडदा आपणहून येतो. तिथे 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप रिपेअर'. पडदाच आला नाही, तर किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज घेऊन त्यावरून संगणक सुरू करा आणि 'रिपेअर' निवडा. एवढ्याने भागलं नाही, तर 'चेक डिस्क' आहे. तो डिस्कची हजेरीवही तपासतो, कुठली फाइल कुठे आहे याच्या चुकलेल्या नोंदी सुधारतो. 'सिस्टिम फाइल चेकर' विंडोजच्या फाइली मूळ प्रतीशी ताडून खराब झालेल्या बदलतो. एक सावधगिरी मात्र हवी. दुरुस्तीच्या पडद्यावर 'सी'चं अक्षर बदललेलं असू शकतं. म्हणून आधी आतले फोल्डर पाहून खात्री करा.

४. सगळ्यात शेवटी 'रीसेट'. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं, तर आपल्या फाइली राहतात. नंतर बसवलेले प्रोग्रॅम मात्र जातात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणजे? नावातच आलं!

दुसरी पायरी तिसरीच्या आधी का, ओळखलंत? दुरुस्ती करताना डिस्कवर नवं लिहिलं जातं, आणि आजारी डिस्कवर तेच कधी घातक ठरतं. शिवाय प्रत हाताशी असली की माणूस घाबरत नाही. न घाबरणारा माणूस चुकीचं बटण दाबत नाही.

पालकांनो, दुरुस्तीला संगणक द्याल तेव्हा, "आधी आमच्या फाइली काढून ठेवा, मग काय ते करा," एवढं आवर्जून सांगा. जमल्यास लिहूनच द्या.

आता गृहपाठ. या रविवारी घरातले महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. उतरवल्यावर दोन-चार उघडून पाहा, कारण न उघडलेल्या प्रतीचा भरवसा नाही. बिटलॉकर असेल, तर ते ४८ अंक कागदावर लिहून आईच्या कपाटात ठेवा. संगणकातच ठेवलेत, तर कुलपाची किल्ली कुलपाच्या आत!

आणि डोक्याला खुराक म्हणून एक प्रश्न. आपण फाइल 'डिलीट' करतो, रीसायकल बिनही रिकामी करतो. मग हार्ड डिस्कवरून ती त्याच क्षणी पुसली जाते का? विचार करा, घरात विचारा. उत्तर पुढच्या आठवड्यात!