पाठ करू नका, फोड करा!

भोर-वेल्ह्याहून एसटीनं पुण्याला कॉलेजला येताना इंग्रजी शब्दांची यादी घोकताय? ठेवा बाजूला! ‘इम्पोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘ट्रान्सपोर्ट’, ‘पोर्टेबल’ बघा. सगळ्यांत ‘पोर्ट’ आहे. मूळ लॅटिन, अर्थ वाहून नेणं. म्हणजे आत आणणं, बाहेर पाठवणं, इकडून तिकडे नेणं आणि सहज नेता येण्याजोगं. एका मुळात चार शब्द!

ही युक्ती नवी नाही. आहार, विहार, प्रहार, संहार... ‘हार’ तोच, उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो, हे आपण शाळेतच शिकलोय. मग मराठी माध्यमातून आलो म्हणून इंग्रजीला का बिचकायचं? शब्द फोडायची सवय तर आपल्यालाच आहे!

फक्त ‘एअरपोर्ट’मधला ‘पोर्ट’ बंदराचा. त्यामुळे अंदाज बांधा, पण डिक्शनरी उघडाच.